कुत्र्याच्या प्लीहेतली गाठ: सुईने नमुना घ्यायचा की नाही, आणि घ्यायचा तर कसा

दहा वर्षांची लॅब्राडोर कुत्री लघवीच्या तक्रारीसाठी सोनोग्राफीला आली होती. मूत्राशय बघून झालं, सवयीने प्रोब डाव्या कुशीकडे नेला आणि प्लीहेच्या टोकाशी तीन सेंटिमीटरची गोल गाठ दिसली. तिला घेऊन आलेल्या मालकीण ताईंनी स्क्रीनकडे बघत विचारलं, "डॉक्टर, आत्ताच सुई घालून बघता येईल का? म्हणजे रात्री झोप तरी लागेल."

आत्ताच नको, असं मी त्यांना सांगितलं, आणि का ते समजावायला पंधरा मिनिटं लागली. त्या पंधरा मिनिटांत जे बोललो तेच इथे सविस्तर लिहितो आहे. लेख मुख्यतः तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी स्वतःचं सोनोग्राफी मशीन घेऊन काम सुरू केलेल्या तरुण पशुवैद्यांसाठी आहे. ज्यांच्या कुत्र्याला अशी गाठ निघाली आहे त्यांनीही वाचावा. डॉक्टरांना काय विचारायचं ते कळेल. सुई घालण्याची क्रिया जेमतेम चार सेकंदांची असते. कुत्रं सुखरूप घरी जाणार की नाही हे बहुतेक वेळा त्या चार सेकंदांच्या आधीच ठरलेलं असतं.

ही गाठ नेमकी कसली असू शकते

प्लीहा, म्हणजे आपली पाणथरी, रक्ताने भिजलेल्या स्पंजासारखी असते. कुत्र्यात ती रक्ताची साठवणही करते आणि गरज पडली की आकसून ते रक्त अभिसरणात ढकलते. कवच पातळ, आत रक्तच रक्त. त्यामुळे कातडीखालच्या गाठीत सुई घालणं आणि प्लीहेत घालणं यांची तुलनाच होत नाही.

साध्या गाठींमध्ये नोड्युलर हायपरप्लेसिया (प्लीहेच्याच पेशी वाढून झालेली गाठ), हिमॅटोमा (साकळलेल्या रक्ताची गाठ), मायलोलिपोमा (चरबी आणि रक्त तयार करणाऱ्या पेशींची गाठ), आणि प्लीहेतच रक्तपेशी तयार होऊ लागल्याने आलेल्या गाठी, ज्यांना आपण ईएमएच म्हणतो, हे नेहमीचे. कर्करोगाच्या गाठींत हिमँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या पेशींचा कर्करोग, सगळ्यांत पुढे. मग लिम्फोमा, हिस्टिओसायटिक सार्कोमा, मास्ट सेल ट्यूमर आणि इतर सार्कोमा. कॉलेजात आपण दोन-तृतीयांशचा नियम शिकलो: प्लीहेच्या गाठींपैकी दोन-तृतीयांश कर्करोगाच्या, आणि त्यातल्या दोन-तृतीयांश हिमँजिओसार्कोमा. पोटात रक्त घेऊन कोसळलेल्या कुत्र्याच्या बाबतीत हा नियम बऱ्यापैकी लागू पडतो. पण दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी करताना सापडलेल्या, न फुटलेल्या गाठींमध्ये साध्या गाठींचं प्रमाण बरंच जास्त असतं. हा फरक मालकांना सांगायलाच हवा. "प्लीहेत गाठ म्हणजे कॅन्सरच" असं ऐकून इंजेक्शन देऊन कुत्र्याला कायमचं झोपवायची विनंती करणारी माणसं मी पाहिली आहेत.

सोनोग्राफीवरून अंदाज येतो, निदान होत नाही. रक्तवाहिन्यांलगतची पांढरीशुभ्र, चमकदार गाठ बहुधा मायलोलिपोमा असते, तिला हात लावू नये. संपूर्ण प्लीहा जाळीदार, ठिपक्याठिपक्यांची दिसली तर लिम्फोमाचा संशय येतो. मधे उजळ आणि कडेने काळी, नेमबाजीच्या चकतीसारखी गाठ कर्करोगाकडे झुकते, पण पुरावा नव्हे. आणि काळ्या पोकळ्यांनी भरलेली मोठी गाठ? ती हिमॅटोमा असू शकते, हिमँजिओसार्कोमाही असू शकते. स्क्रीनवर दोन्ही सारख्याच दिसतात.

हात कधी आवरायचा

माझी पहिली काही वर्षं चालू होती तेव्हाची गोष्ट. अकरा वर्षांचा जर्मन शेफर्ड, सात सेंटिमीटरची गाठ, आत तीन-चार मोठ्या काळ्या पोकळ्या. ऑपरेशन करायचं हे जवळजवळ ठरलेलंच होतं. तरी "आधी नक्की काय ते कळू दे" म्हणून मी सुई घातली. सिरिंजमध्ये पातळ रक्त आलं. दोन तासांनी हिरड्या फिक्या पडल्या, पोट तटतटलं आणि रात्री नऊ वाजता घाईघाईने पोट उघडावं लागलं. कुत्रा त्या रात्री वाचला. स्लाइडचा रिपोर्ट आला, "फक्त रक्त". काढलेल्या प्लीहेचा रिपोर्ट आला, हिमँजिओसार्कोमा. सुईने मला काहीही सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ऑपरेशन टळणार नव्हतं. त्या कुत्र्याला मी विनाकारण धोक्यात घातलं.

तेव्हापासून सुई उचलण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: उत्तर काहीही आलं तरी मी पुढे तेच करणार आहे का? तसं असेल तर सुई नको.

म्हणून पोटात मोकळं रक्त असेल तर सुई नाही. गाठ पोकळ्यांची असेल तर नाही. गाठ मोठी, एकटी आणि कवचाबाहेर फुगलेली असेल, कुत्रं भूल सोसण्याजोगं असेल आणि मालक ऑपरेशनला तयार असतील तर सरळ छातीचे तीन बाजूंचे एक्स-रे आणि हृदयाची सोनोग्राफी करून प्लीहा काढण्याची तयारी करावी. हिमँजिओसार्कोमाचा संशय असताना हृदयाच्या उजव्या कर्णिकेशी गाठ आहे का हे बघणं सुईपेक्षा कितीतरी जास्त माहिती देतं. या गाठीच्या पेशी सुईतून फारशा येत नाहीत, रक्तच येतं, त्यामुळे धोका जास्त आणि लाभ कमी.

मग सुई कामाची कुठे? पोकळी नसलेल्या, भरीव गाठीत. अनेक लहान गाठी असतील तर. सगळी प्लीहा सुजलेली असेल तर. लिम्फोमा, मास्ट सेल ट्यूमर, हिस्टिओसायटिक सार्कोमा यांच्या पेशी सुईत सहज येतात आणि निदान झालं की उपचाराची दिशा बदलते. कातडीवरच्या मास्ट सेल ट्यूमरचा फैलाव बघायचा असेल तर प्लीहा सोनोग्राफीत चांगली दिसत असली तरी नमुना घेण्यात अर्थ आहे, आणि त्याच वेळी यकृताचाही घ्यावा.

"सुई लावली की गाठ पसरते" ही भीती प्रत्येक दुसरा मालक बोलून दाखवतो. सुईच्या वाटेने पेशी पसरणं ही मूत्राशयाच्या कर्करोगात खरी काळजी आहे. प्लीहेच्या बाबतीत ते फार क्वचित घडतं. इथली खरी काळजी रक्तस्रावाची, आणि मालकांशी बोलताना तोच शब्द आधी उच्चारावा.

रक्ताची तपासणी: आपल्याकडे गोचीड विसरून चालत नाही

प्लीहा वाढलेली आणि प्लेटलेट्स कमी, अशी कुत्री आपल्याकडे रोज येतात. त्यातल्या कितीतरी जणांना गोचीड ताप असतो: एर्लिकिया कॅनिस, बबेसिया गिब्सोनी, किंवा दोन्ही. पावसाळ्यात आणि त्यानंतर तर ओळीने. या आजारांत प्लीहा सुजते, कधी गाठीगाठींची दिसते, आणि सुई घालायला हीच सगळ्यांत वाईट वेळ असते. जुनाट एर्लिकियात तर प्लेटलेट्सची संख्या बरी दिसली तरी त्या नीट काम करत नाहीत.

म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) आणि गोचीड तापाची तपासणी आधी. मशीनने दिलेल्या प्लेटलेट्सच्या आकड्यावर विसंबू नका. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत प्लेटलेट्सचे गोळे होतात आणि आकडा खोटाच कमी येतो. स्मिअरच्या पिसासारख्या कडेला आधी गोळे शोधा. ते नसतील तर ऑइल इमर्शनच्या १०० पटीच्या भिंगाखाली दहा फील्ड मोजा, सरासरी काढा आणि १५,००० ने गुणा. सरासरी दोन आली तर ३०,०००. पन्नास हजारांच्या खाली मी प्लीहेला हात लावत नाही.

गेल्या वर्षी असाच एक देशी कुत्रा आला होता, "प्लीहेत कॅन्सर" अशी चिठ्ठी घेऊन. नाकातून दोनदा रक्त आलेलं, प्लेटलेट्स २८,०००, एर्लिकियाची चाचणी पॉझिटिव्ह. सुई न घालता किलोमागे रोज १० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लीन २८ दिवस दिलं. पाचव्या आठवड्यात प्लीहा निम्म्याने उतरली होती आणि ती "गाठ" दिसेना. ज्यांनी चिठ्ठी दिली त्यांचा हेतू चांगलाच होता. घाई मात्र झाली होती.

रक्त गोठण्याच्या चाचण्या, पीटी आणि एपीटीटी, शक्य तिथे कराव्याच. मानवी लॅबमध्ये पाठवायचं असेल तर निळ्या झाकणाची सायट्रेटची नळी खुणेपर्यंत बरोबर भरा, कमी भरलेल्या नळीचा निकाल चुकतो. घरात किंवा गोदामात उंदराचं औषध टाकलं होतं का, हे स्पष्ट विचारा. लोक आपण होऊन सांगत नाहीत. डॉबरमन असेल तर ओठाच्या आतल्या बाजूला बारीक छेद देऊन रक्त थांबायला लागणारा वेळ मोजा. चार मिनिटांच्या पुढे गेला तर व्हॉन विलेब्रँडचा आजार (रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक विकार) गृहीत धरा. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर, ज्यांनी सुरू केलं त्यांच्याशी बोलून, आठवडाभर आधी थांबवायचं.

पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण) आणि टोटल प्रोटीन (रक्तातली एकूण प्रथिनं) त्या दिवशी सुई घालण्यापूर्वी मोजून कागदावर लिहून ठेवा. नंतर तुलनेला हाच आकडा लागणार आहे.

दिवस आणि वेळ

ही गोष्ट कुठल्या पुस्तकात ठळक लिहिलेली नसते, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. नमुना सकाळी घ्या. शनिवारी संध्याकाळी कधीच नाही, सणाच्या आदल्या दिवशी नाही. रक्तस्राव झालाच तर पोट उघडणारा माणूस, भूल देणारा माणूस आणि रक्त देऊ शकणारं कुत्रं, या तिन्ही गोष्टी हाताशी असतील अशीच वेळ निवडा. आमच्याकडे रक्तदात्या कुत्र्यांच्या मालकांचे फोन नंबर भिंतीवर लावलेले असतात. २५ किलोच्या वरची, लसीकरण झालेली, गोचीड तापाची तपासणी केलेली निरोगी कुत्री. अशा दिवशी सकाळी त्यातल्या एकाला फोन करून "आज घरी आहात ना?" एवढं विचारून ठेवतो.

कुत्रं आठ ते बारा तास उपाशी हवं, पाणी चालेल. भरलेलं पोट प्लीहेला मागे ढकलतं आणि गुंगीत उलटी होण्याची भीती असते.

संमतिपत्र मराठीत असावं आणि त्यात तीन गोष्टी साध्या शब्दांत असाव्यात: रक्तस्राव होऊ शकतो, तो थांबवायला ऑपरेशन लागू शकतं, आणि एवढं करूनही निदान हाती येईलच असं नाही. तिसरी गोष्ट न सांगितल्यामुळे जेवढे वाद होतात तेवढे पहिल्या दोन्हींमुळे होत नाहीत.

गुंगी

शांत कुत्र्याला मालकाने डोकं धरून गोंजारलं तरी पुरतं. पण धापा टाकणारं, अंग आखडून घेणारं कुत्रं असेल तर गुंगी द्यावीच. सुई आत असताना कुत्र्याने उसळी मारली तर कवच फाटतं. मी ब्युटोरफॅनॉल वापरतो, किलोमागे ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम, गरज वाटली तर सोबत ०.२ मिलिग्रॅम मिडॅझोलॅम.

असेप्रोमॅझीन टाळा. त्याने प्लीहा रक्ताने फुगते, पीसीव्ही आणि रक्तदाब दोन्ही उतरतात, म्हणजे ज्या अवयवात सुई घालायची तोच आणखी भरून ठेवायचा आणि नंतर तुलनेला ठेवलेला आकडाही बिघडवायचा. थायोपेंटलनेही प्लीहा फुगते. झायलाझीन आपल्याकडे सर्रास वापरलं जातं, पण त्याने कुत्रं ओकतं, आणि पोटात मोठी गाठ असताना ओकाऱ्यांचा जोर नको. मास्ट सेल ट्यूमरचा संशय असेल तर सुईआधी अँटिहिस्टामाइन द्यावं.

सुई

कुत्रं उजव्या कुशीवर, डावी कूस वर. शेवटच्या बरगडीमागे तळहाताएवढे केस काढा. आधी संपूर्ण पोट बघा: यकृत आणि श्वासपटलाचा पडदा, डावं मूत्रपिंड आणि प्लीहा, मूत्राशय, उजवं मूत्रपिंड. या चार जागी आधीपासून पाणी किंवा रक्त आहे का ते नोंदवा. आधी नीट बघितलं नसेल तर नंतर दिसलेला काळा पट्टा नवा की जुना हे सांगता येत नाही.

आता वाट ठरवा. कलर डॉप्लर लावून मोठ्या रक्तवाहिन्या कुठे आहेत ते बघा. नाभिकेकडची, म्हणजे जिथून रक्तवाहिन्या प्लीहेत शिरतात ती बाजू सोडायची. शक्य असेल तिथे सुई आधी चांगल्या प्लीहेतून जाऊन मग गाठीत शिरेल अशी वाट निवडा. गाठीवरचं ताणलेलं कवच भोकाभोवती आपोआप मिटत नाही, चांगली प्लीहा त्या मानाने लवकर मिटते. पोकळीत टोक जाणार असेल तर वाट बदला किंवा काम थांबवा.

कातडी क्लोरहेक्सिडीनने पुसा, मग स्पिरिटने. सोनोग्राफीची जेल सुईच्या जागी अजिबात नको. प्रोबला हातमोजा चढवा, जेल मोज्याच्या आत, बाहेर फक्त स्पिरिट, आणि तेही सुईच्या जागेवरचं वाळू द्या. सुईच्या टोकाला लागलेली जेल स्लाइडवर गेली की स्टेन केल्यावर, म्हणजे रंगवल्यावर, जांभळट किरमिजी चुरा पसरतो, पेशी फुटतात आणि बाकी सगळं नीट करूनही स्लाइड वाचता येत नाही.

सुई २२ ते २५ गेजची, दीड इंची. माझी पसंती २३ ला. ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्याला २२ गेजची स्पायनल सुई. सिरिंज ५ मिलीची, आत आधीच चार-पाच मिली हवा ओढून सुईला लावून ठेवलेली. दट्ट्या ओढायचा नाही. प्लीहेत ओढून नमुना घेतला की रक्तच जास्त येतं आणि पेशी त्यात हरवतात. सुई नुसती पुढे-मागे हलवली तरी तिच्या पोकळीत पुरेशा पेशी चढतात. नमुना घेऊन बाहेर आलं की सिरिंजमधल्या हवेनेच तो स्लाइडवर सोडायचा.

सुई प्रोबच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटरवर, प्रोबच्याच रेषेत, ३० ते ४५ अंशांत. टोकाचा तिरका काप वर, म्हणजे स्क्रीनवर ते चमकतं. टोक दिसेनासं झालं तर हात जिथल्या तिथे थांबवा. सुई पुढे ढकलून शोधायची नाही. प्रोब किंचित हलवून टोक शोधायचं. न दिसणारं टोक रेटत नेणं हीच नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक मला वाटते.

कुत्र्याने श्वास सोडला की क्षणभर प्लीहा स्थिर होते, तेव्हा एका ठाम हालचालीत कवच ओलांडा. घाबरत घाबरत टोचत राहिलात तर प्लीहा सुईपुढे नुसती दबून सरकते. आत शिरल्यावर सुतारपक्षी चोच मारतो तशा पाच ते आठ चपळ, लहान हालचाली एकाच रेषेत. दिशा बदलायची नाही, सुई फिरवायची नाही. दिशा बदलायची असेल तर पूर्ण बाहेर या आणि नवी सुई घेऊन पुन्हा घाला. आतल्या आत टोक वळवलं की कवचावर भोकाऐवजी चीर पडते. हालचाली करताना टोक गाठीच्या आतच राहिलं पाहिजे, दर फेरीला कवचाबाहेर येता कामा नये.

आणखी एक गोष्ट हाताला शिकवावी लागते. सुई चिमटीत पेनासारखी, पण सैल धरायची. प्लीहा श्वासाबरोबर पुढे-मागे होते. सुई घट्ट धरली तर अवयव हलतो आणि सुई हलत नाही, म्हणजे कवच आपणच फाडतो. सैल धरलेली सुई श्वासाबरोबर डुलते, आणि ती डुलताना दिसली की हात बरोबर आहे असं समजावं. मी नव्या मुलांना आधी पाण्याने भरलेल्या हातमोज्यात ठेवलेल्या यकृताच्या तुकड्यावर सराव करायला लावतो. खाटकाकडून पन्नास-शंभर रुपयांत मिळतो आणि एका दुपारीत डोळा आणि हात जुळतात.

सुईच्या मागच्या टोकाशी, म्हणजे हबमध्ये, रक्त दिसलं की लगेच बाहेर. हबमध्ये रक्त म्हणजे नमुना "भरपूर आला" असं नव्हे, तो पातळ व्हायला लागला. दोन ते चार वेळा, वेगवेगळ्या जागांतून, दर वेळी नवी सुई. गाठीच्या मध्यभागी मृत पेशी असू शकतात म्हणून कडेचा भरीव भागही घ्या, आणि एक नमुना गाठीपासून दूरच्या, चांगल्या दिसणाऱ्या प्लीहेचाही. दर दोन सुयांच्या मधे प्रोब ठेवून बाजूला काळं पाणी जमत नाही ना हे बघा. जमत असेल तर मिळालं तेवढं पुरे.

स्लाइड: खरं नुकसान इथे होतं

प्लीहेचा नमुना काही सेकंदांत गोठायला लागतो. स्लाइड आधीच पुसून, पेन्सिलने नाव आणि जागा लिहून मांडून ठेवा, आणि मदतनीस सिरिंज घ्यायला तयार हवा. सुईचं टोक काचेच्या अगदी जवळ, काप खाली, एक लहान थेंब. उंचावरून फवारलं तर पेशी वाळून फुटतात.

थेंब रक्ताळ असेल तर रक्ताच्या स्मिअरसारखा ओढा. घट्ट, दाणेदार असेल तर वर दुसरी स्लाइड आडवी ठेवून, न दाबता, तिच्याच वजनाने सरकवा. प्लीहेच्या पेशी नाजूक असतात, विशेषतः लिम्फोमाच्या. बोटाचा दाब पडला की स्लाइडवर पेशींऐवजी निळे-जांभळे धागे उरतात आणि पॅथॉलॉजिस्ट हळहळतात.

मग लगेच वाळवा. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात स्लाइड आपोआप वाळण्याची वाट बघू नका. दमट हवेत ती पाच-दहा मिनिटं ओली राहते, पेशी आकसतात आणि लाल पेशींवर चमकदार बुडबुडे दिसायला लागतात, जे कच्च्या डोळ्याला जंतू वाटतात. हेअर ड्रायर थंड हवेवर, स्लाइडच्या मागच्या बाजूने. फॉर्मेलिनची बाटली त्या खोलीतच नको, आणि कुरियरच्या डब्यात तर मुळीच नको. नुसत्या वाफेनेही पेशी अशा होतात की त्या नंतर स्टेन धरत नाहीत.

एक स्लाइड तिथेच लीशमन, जिम्सा किंवा हाताशी असेल त्या झटपट स्टेनने रंगवून बघा. वाचता आली नाही तरी चालेल, पेशी आहेत की नुसतं रक्त एवढं कळलं पाहिजे. नुसतं रक्त असेल तर कुत्रं टेबलावर आहे तोवरच आणखी एकदा प्रयत्न करता येतो. बाकीच्या चार-पाच स्लाइड न रंगवता पाठवा, कारण मास्ट सेलचे कण झटपट स्टेनमध्ये कधी कधी रंगतच नाहीत आणि जिम्सा किंवा टोल्युडीन ब्लूची गरज पडते.

फॉर्मवर नुसतं "स्प्लीन एफएनए" (प्लीहेचा सुईने घेतलेला नमुना) लिहून पाठवू नका. वय, जात, गाठीचा आकार, पोकळ्या आहेत का, प्लेटलेट्स किती, गोचीड तापाचा निकाल, चालू औषधं, स्टेरॉइड दिलं होतं का, हे सगळं लिहा. प्रेडनिसोलोनच्या दोन गोळ्यांनीही लिम्फोमाचं चित्र धूसर होऊ शकतं.

पुढचे चार तास

शेवटची सुई बाहेर आली की त्या जागी प्रोबनेच दोन मिनिटं हलका दाब द्या. मग आधी बघितलेल्या त्याच चार जागा पुन्हा बघा: लगेच, पंधरा मिनिटांनी, एक तासाने आणि घरी सोडण्यापूर्वी. कवचालगत काही मिलिमीटरचा काळा पट्टा दिसून तिथेच थांबला तर घाबरू नका. तो वाढतोय का, एवढंच महत्त्वाचं.

तीन-चार तासांनी पीसीव्ही आणि टोटल प्रोटीन पुन्हा. इथे एक फसगत होते. कुत्र्याला ताजा रक्तस्राव झाला की प्लीहा आकसून साठवलेल्या लाल पेशी बाहेर टाकते, म्हणून पीसीव्ही सुरुवातीला तसाच राहतो. प्रोटीन आधी उतरतं. पीसीव्ही ४२ वरून ४१, पण प्रोटीन ७ वरून ५.५ झालं असेल तर निर्धास्त होऊ नका, प्रोब उचला.

हिरड्यांचा रंग, नाडी, श्वास दर पंधरा मिनिटांनी. आपल्या देशी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्याच असतात. तिथे खालची पापणी ओढून आतला रंग बघा. घरी पाठवताना मालकालाही ते हाताने करून दाखवा: "दादा, हा आत्ताचा गुलाबी रंग लक्षात ठेवा, रात्री दहा वाजता आणि पहाटे असाच दिसला पाहिजे." तोंडी सांगितलेल्या दहा सूचनांपेक्षा हे एक बघितलेलं लक्षात राहतं. चार-पाच दिवस साखळीनेच फिरवायचं, जिना नाही, सोफ्यावर उडी नाही, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती नाही. मेलॉक्सिकॅमसारखं दुखण्याचं औषध स्वतःच्या मनाने द्यायचं नाही.

रक्त थांबलं नाही तर

हात-पाय गळू देऊ नका. दोन शिरांत कॅन्युला, पोटाला घट्ट पण श्वास अडणार नाही अशी पट्टी, किलोमागे १० ते २० मिली रिंगर लॅक्टेट पंधरा-वीस मिनिटांत आणि मग पुन्हा तपासणी. रक्तदाब ओढूनताणून वर न्यायचा नाही. सिस्टॉलिक ९० च्या आसपास पुरे, त्याहून वर नेला तर नुकती धरलेली गुठळी सुटते. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, शिरेतून अगदी हळू, भर्रकन दिलं तर उलटी होते. रक्त चढवायची वेळ आली तर किलोमागे २० मिली पूर्ण रक्ताने पीसीव्ही साधारण दहाने वाढतो, हा हिशेब डोक्यात ठेवा, आणि शक्य असेल तर आधी क्रॉसमॅच (दोन्ही रक्तं जुळतात का याची तपासणी) करा. एवढं करूनही पोटातलं रक्त वाढत असेल तर प्लीहा काढणं हाच उपचार. सकाळी केलेला तो एक फोन अशा वेळी कामाला येतो.

रिपोर्ट हातात आल्यावर

लिम्फोमा, मास्ट सेल ट्यूमर असं स्पष्ट उत्तर आलं तर पुढची वाट सरळ आहे. थोड्या मास्ट सेल मात्र निरोगी प्लीहेतही असतात, त्या दिसल्या म्हणून कुत्र्यावर शिक्का मारू नये. मोठ्या संख्येने, गोळ्यागोळ्यांनी किंवा बेढब असतील तरच.

"ईएमएच" किंवा "हायपरप्लेसिया" असा रिपोर्ट आला की मालकांच्या चेहऱ्यावर हसू येतं, आणि आपल्यालाही आनंद होतो. पण हिमँजिओसार्कोमाच्या किंवा हिमॅटोमाच्या शेजारच्या प्लीहेतही ईएमएच सापडतं. सुई शेजारच्या भागात गेली असेल तर रिपोर्ट खरा आणि गाठ वेगळीच असं होऊ शकतं. "फक्त रक्त" या रिपोर्टचा अर्थ तर "कॅन्सर नाही" असा कधीच होत नाही. त्याचा अर्थ आपल्याला पेशी मिळाल्या नाहीत, एवढाच. हे मी रिपोर्टच्या कागदावरच मराठीत लिहून देतो, कारण घरी गेल्यावर तो कागद पाच माणसं वाचतात.

प्लीहा काढायची वेळ आली तर एक तुकडा कापून पाठवू नका. एकाच प्लीहेत हिमॅटोमा आणि हिमँजिओसार्कोमा शेजारी शेजारी असू शकतात. पूर्ण प्लीहा पाठवता येत नसेल तर गाठीच्या कडेचे, मधले आणि चांगल्या भागाचे किमान पाच-सहा तुकडे, एक सेंटिमीटरपेक्षा जाड नाहीत, दहापट फॉर्मेलिनमध्ये. हिमँजिओसार्कोमा निघाला तर मालकांना खरं सांगा: नुसत्या ऑपरेशनवर बहुधा एक ते तीन महिने, सोबत डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचं औषध दिलं तर चार ते सहा महिन्यांच्या आसपास. काही जण तेवढेही आनंदाने घेतात, काही घेत नाहीत, आणि दोघांचंही कुत्र्यावर तेवढंच प्रेम असतं.

त्या लॅब्राडोरचं काय झालं? प्लेटलेट्स दोन लाखांच्या वर, गोचीड तापाची चाचणी निगेटिव्ह, गाठ भरीव. दोन दिवसांनी, मंगळवारी सकाळी साडेनऊला, तीन सुयांत नमुना घेतला. नोड्युलर हायपरप्लेसिया आणि ईएमएच. चार आठवड्यांनी तिला त्याच कुशीवर झोपवून, त्याच कोनातून गाठ पुन्हा मोजली: पहिल्यांदा ३.१ सेंटिमीटर, आता ३.० सेंटिमीटर. पुढचं माप तीन महिन्यांनी घ्यायचं आहे. गाठ अर्ध्या सेंटिमीटरने जरी वाढलेली दिसली, किंवा आत काळी पोकळी दिसली, तर सुई न घालता ऑपरेशन, असं ताईंशी बोलून तिच्या केसपेपरवर लाल पेनने लिहून ठेवलं आहे.